करंड्यातला देव

अण्णा नगर, चेन्नई
३ जून २०२४

चि. कनकास,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर सिस्टर कार्मेल लिहावं लागलं, नाहीतर पोस्टमन परत आणून देईल. आत मात्र कनकाच. आईनं बाराव्या दिवशी कानात सांगितलेलं नाव मी बदलत नाही.

तीन वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात काय, तर 'घशाचा कॅन्सर होता, स्वरयंत्र काढलं, आता बोलता येत नाही, काळजी करू नये'. ऑपरेशन मार्चमध्ये झालं आणि मला मे संपताना कळवतेस. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं मी लोकांना लोकांशी जोडून दिलं, आणि सख्ख्या बहिणीचा आवाज गेला हे मला टपालानं कळतं.

मराठीत लिहिते, कारण तुझ्या मठात मराठी वाचणारं कुणी नाही. आपली बोली बोलायला ठीक, अर्धी तमिळ. लिहायला बसलं की आईनं पाटीवर गिरवून घेतलेली हीच मराठी हातातून उतरते. खरं म्हणजे आज भांडायचं होतं, त्याला तमिळच बरी पडली असती.

खायला काय देतात? एन्नोरला हवेतसुद्धा राख आहे. उभा जन्म मुलांना शिकवून आजारी पडलेल्या नन्सना ठेवायला तुमच्या वरिष्ठांना वीजकेंद्राच्या धुराड्याखालचीच जागा सापडली. मी यायला हवं, पण गुडघे. शिवाय एकोणऐंशी साली तुझ्या मठाच्या फाटकातून बाहेर पडताना मी काय म्हटलं होतं ते तुला आठवत असेल. पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हटलं होतं आणि ठेवलेलं नाही. तुला नेल्यावर अप्पांनी तुझ्या नावानं आंघोळ केली, मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी. आई देव्हाऱ्यासमोर बसून एकच म्हणत राहिली, "मीच ठेवलं त्याला इथं." हे सगळं त्या बायकांनी केलं. मलाही त्यांनीच शिकवलं, पण मी काटाचमचा धरायला शिकून घरी परत आले. तू गेलीस.

सविस्तर लिही. 'काळजी करू नये' असलं लिहू नकोस.

तुझी अक्का,
तुळसी


एन्नोर
१२ जून २०२४

ती. अक्कास, नमस्कार.

सविस्तर लिहिते. रेडिएशननं घसा मिटला आहे. थुंकीसुद्धा गिळता येत नाही, रुमाल हातात धरून बसते. पोटाला नळी लावली आहे. श्रीविद्या नावाची मुलगी येते, तीन वेळा पिचकारीनं कांजी घालते. भूक लागत नाही, त्यामुळे त्याचं दुःख नाही.

दुःख दुसरंच आहे. सकाळी सहाला चॅपलमध्ये मासची प्रार्थना होते. माझ्यासारख्या अंथरुणावरच्यांना फादर खोलीत येऊन होस्ट देतात. शेजारच्या खाटेवरची सिस्टर तोंड उघडते, तिच्या जिभेवर ती पांढरी चकती ठेवतात. माझ्यापाशी ते नुसते थांबतात. एकदा त्यांनी नळीतून वाइनचा थेंब घातला. पोटाला चव नसते, अक्का. मला कळलंही नाही. नको म्हणून मी पाटीवर लिहून दिलं.

आमच्यात अशा वेळची एक सोय आहे. ज्याला घेता येत नाही त्यानं मनातून मागायचं. देहानं येता येत नसेल तर मनात ये, एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. याला स्पिरिच्युअल कम्युनियन म्हणतात. मागितलं की तो येतोच, असं मी चाळीस वर्षं नवशिक्या मुलींना सांगत आले. आता मी मागते आणि कुणी येत नाही. आजारपणामुळे असेल असं आधी वाटलं. मग मागे मागे जाऊन पाहिलं. अक्का, बऱ्याच वर्षांपासून कुणी येत नव्हतं. होस्ट जिभेवर विरघळायचा, त्यालाच मी आला म्हणत होते.

फक्त एकदा मला नक्की माहीत होतं. मी पाच वर्षांची होते. रघुरामला घटसर्प झाला होता, त्याला गिळता येत नव्हतं. तू शाळेतून त्यांचा प्रसाद म्हणून होस्ट आणलास, तोंडात धरून आणि मग रुमालात बांधून. आईनं त्यातला कण पाण्यात कालवून रघूच्या ओठांना लावला आणि उरलेला चांदीच्या कुंकवाच्या करंड्यात घालून देव्हाऱ्यात ठेवला. रघू वाचला. त्यानंतर कितीतरी महिने मी रोज त्या करंड्यासमोर बसायचे. आत कुणीतरी आहे आणि ते माझ्याकडे पाहत आहे, हे मला जसं माहीत होतं तसं नंतर काहीच माहीत झालं नाही. त्याच्याच मागे मी घर सोडलं.

तो करंडा मला हवा आहे. उशाशी ठेवीन. पाठवशील?

तुझी,
कनका


अण्णा नगर
२० जून २०२४

चि. कनकास,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून तुमच्या फादरांचा मला भयंकर राग आला. 'नुसते थांबतात' म्हणजे काय? दोन शब्द बोलता येत नाहीत का त्या माणसाला? बोलता तुला येत नाही, त्याला येतं ना?

आणि तुझं हे कुणी येत नाही काय आहे? पंचेचाळीस वर्षं त्याच्या नावाची अंगठी घालून बसलीस आणि आता ऐन वेळी नवरा घरात आहे की नाही याची चौकशी. माझे यजमान होते तेव्हा ते तरी कुठे घरात असायचे? अंबत्तूरच्या कारखान्यात पहिली पाळी, दुसरी पाळी. शेषगिरीराव आले की नाही हे मी चपलांवरून ओळखायचे. संसारात असंच असतं. जास्त शोधू नये.

करंड्याचं म्हणशील तर जुन्या घरातलं सामान वाटलं तेव्हा कुठली वस्तू कुणाकडे गेली ते आठवत नाही. रघुरामनं अमेरिकेला नेला असेल. आणि समजा सापडला, तरी इतक्या वर्षांत आत काय उरलं असणार? मुंग्या, कसर. कशाला तो हट्ट?

गुडघ्याला वरच्या मजल्यावरच्या कृष्णवेणीबाई कसलंसं तेल आणून देतात. वास येतो, गुण येत नाही. तुला वाचायला काही पाठवू का?

अक्का


एन्नोर
१ जुलै २०२४

ती. अक्का,

रघूच्या मुलीला, विद्यालक्ष्मीला, श्रीविद्याच्या फोनवरून निरोप पाठवला होता. करंडा तुझ्याच देव्हाऱ्यात, उजव्या बाजूला, बालकृष्णाच्या मागे आहे. गेल्या दिवाळीत तिनं स्वतः पुसला. तू तिला झाकणाला हात लावू दिला नाहीस म्हणे.

तू कधी खोटं बोलत नाहीस. शाळेत तुझं कौतुकच त्याचं होतं. मग आता का?

रागावून द्यायचा नसेल तर तसं लिही. घर सोडलं म्हणून तुला मला शिक्षा करायची असेल तर तो तुझा हक्क आहे. फक्त वेळ कमी आहे. डाग फुप्फुसात दिसले आहेत. मरणाची भीती वाटत नाही, पण तिकडे कुणीच नसेल याची वाटते. एकदा तरी कुणी होतं, याची खूण मला हातात धरायची आहे. बाकी काही मागत नाही.

कनका


अण्णा नगर
९ जुलै २०२४

कनका,

करंडा माझ्याकडे आहे. शिक्षा वगैरे काही नाही. आता लिहिते ते बसून वाच. म्हणजे तू बसलेलीच असशील.

रघू जनरल हॉस्पिटलात होता. आईनं ट्रिप्लिकेनमधल्या एका देवाला सोडलं नव्हतं. पार्थसारथीची तुळस झाली, दर्ग्यातला दोरा झाला, कोपऱ्यावरच्या अम्मन देवीचं कडुलिंब झालं. सकाळी माझी वेणी घालताना ती म्हणाली, "तुळसा, तुझ्या शाळेतल्या देवाचाही प्रसाद आण गं. एवढा एकच राहिलाय." मी आठ वर्षांची होते. आणते म्हटलं.

तो महिन्याचा पहिला शुक्रवार होता, शाळेच्या चॅपलमध्ये मास होती. आम्ही हिंदू मुली मागच्या बाकांवर. कॅथलिक मुली उठून प्रसाद घ्यायला वेदीपुढच्या कठड्याकडे निघाल्या तशी मीही उठले. डोक्यावर रुमाल घेतला होता, त्यांच्यासारखा. तीन बाकं पुढे गेले असेन. एका सिस्टरनं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "नॉट यू, डियर." प्रेमानं म्हणाली. मी परत येऊन बसले.

म्हणजे मला तो प्रसाद मिळालाच नाही, कनका. मी तो कधी तोंडात घेतलाच नाही.

चॅपलच्या मागे होस्ट करायची खोली होती, आठवते? दोन लोखंडी तव्यांमध्ये पिठाचं पाणी ओतून पातळ पापडी भाजायची, मग साच्यानं चकत्या कापायच्या. उरलेलं कातरण डब्यात भरून सिस्टर अगाथा मधल्या सुट्टीत खिडकीतून वाटायच्या, आणि आम्ही सगळ्या, हिंदू, मुसलमान, कॅथलिक, ते मुरमुऱ्यांसारखं खायचो. त्या दिवशी माझ्या ओंजळीत एक अख्खी चकती आली. कडेला जळलेली, म्हणून बाद केलेली. नुसतं पीठ आणि पाणी. तिच्यावर कुणी मंत्र म्हटला नव्हता, ती वेदीवर गेली नव्हती. तुमच्यात मंत्राशिवाय ती पापडीच असते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, धर्माच्या तासाला मी पहिली यायचे. मी ती रुमालात बांधली आणि आईला सांगितलं की रांगेत उभी राहिले, फादरनी जिभेवर ठेवली, मी गिळली नाही, तोंडात धरून आणली.

आईनं दोन्ही हात पुढे केले. बाहेरून आली होती, म्हणून आधी पाय धुतले आणि मग हात पुढे केले. कसं सांगणार होते?

रघू घटसर्पावरच्या सीरमच्या इंजेक्शननं वाचला. त्याच सकाळी दिलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. पुढचं मला जे माहीत आहे ते लिहिते. तू त्या करंड्यासमोर बसायचीस तेव्हा मी शेजारी गृहपाठ करायचे आणि मला हसू यायचं. नंतर हसू येईना. एकोणऐंशी साली तू पेटी भरत होतीस, अप्पा ओसरीवर पाठ करून बसले होते, आई माझा हात धरून म्हणाली, "तू मोठी आहेस, तू काहीतरी सांग तिला." एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "तिचं तिला कळतं." इतक्या वर्षांची खोटारडी ठरण्यापेक्षा बहीण गेलेली मला परवडली. आणि फाटकाशी उभी राहून शिव्या मात्र मी नन्सना दिल्या.

करंडा कधी उघडला नाही. टाकून द्यायलाही हात उचलला नाही.

तू विचारलंस, का. म्हणून लिहिलं.

तुळसी


अण्णा नगर
२६ जुलै २०२४

कनका,

सतरा दिवस झाले. पत्र मिळालं का एवढं तरी कळव. तुझ्या मठाच्या ऑफिसात फोन केला, कुणी मुलगी म्हणाली, "सिस्टर इज फाइन, आन्टी." मी कुठल्या सिस्टरबद्दल विचारते आहे हेही तिला ठाऊक नव्हतं.

शिव्या द्यायच्या असतील तर दे. तमिळमध्ये दे. पण लिही.

अक्का


एन्नोर
५ ऑगस्ट २०२४

ती. अक्का,

पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला.

राग आला नाही. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं. तू आठ वर्षांची होतीस. त्या पोरीवर काय रागवायचं?

एक गोष्ट तुला माहीत नसेल. कडलूरच्या मठात मी अकरा वर्षं होस्ट करण्याच्या खोलीत होते. तेच तवे, तोच साचा. जळक्या चकत्या वेगळ्या काढायचं काम माझं. शनिवारी खिडकीशी मुलं यायची, मी डबा त्यांच्या ओंजळीत रिकामा करायचे. त्यातलं कुणी एखादी चकती रुमालात बांधून घरी नेत असेल असं कधी मनात आलं नाही. आता तेवढंच येतं. कुणाकुणाच्या देव्हाऱ्यात माझी जळकी चकती असेल आणि कोण पोर तिच्याकडे पाहत बसलं असेल.

सकाळी फादर आले तेव्हा मी तोंड भिंतीकडे केलं. मागणं बंद केलं आहे. मुळातच कुणी नव्हतं, तर मागायचं कुणाकडे? पाच वर्षांची मी ज्याच्याकडे पाहत होते ते पीठ होतं. आणि जे पाहत आहे असं वाटत होतं तेही पीठच. सदुसष्टाव्या वर्षी दुसरा जन्म काढायला सवड नाही.

तू सांगितलं नसतंस तर मी त्यातच मेले असते. ते बरं झालं असतं की वाईट, मला सांगता येत नाही. करंडा पाठवू नकोस.

कनका


अण्णा नगर
१२ ऑगस्ट २०२४

कनका,

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी मी सकाळी साडेपाचला उठले, आंघोळ केली आणि देव्हाऱ्यासमोर स्टूल ठेवून बसले. जमिनीवर बसले असते तर उठवायला कृष्णवेणीबाईंना बोलवावं लागलं असतं.

तू मागणं बंद केलंस ना, ते आता मी मागते. ते शब्द तू आधीच्या पत्रात लिहून दिले आहेस. देहानं येता येत नसेल तर मनात ये. मी त्यात दुरुस्ती केली. माझ्या मनात येऊ नकोस, एन्नोरला जा. तिथे खाटेवर एक बाई भिंतीकडे तोंड करून पडली आहे, तिच्याकडे जा. तिनं जन्मभर तुझं केलं आणि तू तिला एका पापडीवर ठेवलंस. लाज वाटत असेल तर जा.

माझा बाप्तिस्मा झालेला नाही. ज्याला घेता येत नाही त्यानं मागायचं, असं तू लिहिलंस. कुणाला घेता येत नाही हे लिहिलं नाहीस. मलाही येत नाही. म्हणून बसते.

आजही बसले होते. उद्याही बसेन. तू आडवी येऊ नकोस.

अक्का


एन्नोर
२३ ऑगस्ट २०२४

ती. अक्का,

सगळी शक्ती काढून चार ओळी लिहिते.

तू बसतेस हे वाचून मला रडू आलं. रडताना नळीच्या जागी दुखतं. एकच विचारते. तू इतके दिवस मागते आहेस. कुणी आलं का? माझ्यासाठी म्हणून चांगलं लिहू नकोस. जे असेल ते लिही.

करंडा पाहिजे. तूही ये.

कनका


अण्णा नगर
२८ ऑगस्ट २०२४

कनका,

काल एक पत्र लिहिलं होतं. त्यात लिहिलं होतं की बाराव्या दिवशी देव्हाऱ्यात ऊब जाणवली आणि छातीत काहीतरी निवलं. फार छान उतरलं होतं. दहा मिनिटांत झालं, एक शब्द खोडावा लागला नाही. मग मी ते फाडलं.

कुणी आलं नाही.

अठरा दिवस बसले. पहिल्या दिवशी दूधवाला आला. नंतर रोजच आला. एकदा मान जड झाली आणि वाटलं की आला, तर डुलकी लागली होती. एकदा मी त्याला वाट्टेल ते बोलले, तेव्हा वरून कृष्णवेणीबाईंनी विचारलं, "कोणाशी भांडता आहात अक्का?" मी म्हटलं, कुणाशी नाही. आणि ते खरं होतं. शाळेत निदान खांद्यावर हात ठेवून 'नॉट यू' म्हणायला कुणीतरी होतं. इथे तेही नाही.

का बसते हे विचारशील. मला ठाऊक नाही. साडेपाचला जाग येते आणि मी स्टूल ओढते.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, उद्या स्वतः घेऊन येते. तोंडानं सांगायला गेले तर तुझा चेहरा बघून मी पुन्हा खोटं बोलेन, आणि तुला ते खरं वाटेल. आईला वाटलं होतं तसं. म्हणून लिहून आणते. मी खाटेशी बसेन, तू वाच, आणि जे म्हणायचं ते पाटीवर लिही. टॅक्सी सांगितली आहे. फाटक आतून उघडायला सांग, मला फार वेळ उभं राहवत नाही.

करंडा पिशवीत घातला आहे. काळा पडला आहे, झाकण घट्ट बसलं आहे. आईनं बंद केल्यापासून कुणी उघडलेला नाही. तुझ्यासमोर उघडते. आत काही नसेल, हे आधीच सांगून ठेवते.

अक्का